प्रियाला न्यायला कोण येणार

बोटीवरून, १८ नोव्हेंबर २०२४

आते,

पाया पडते. बोट हलते तसं माझं अक्षरही हलतं, तेव्हा तांबडी पेन्सील घेऊन बसू नकोस. गेल्या वेळी फोनवर मी पंधरा मिनिटं ओरडले आणि तू हो हो म्हणत राहिलीस. मागाहून बाबांनी सांगितलं की त्यातलं तुला काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणून हे पत्र. बोट आठवड्याला एकदा मुरगावला लागते, तिथून मी टपाल टाकीन. तू मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिही, ते मला पोचवतात.

माझं काम म्हणजे तुझंच काम, फक्त समुद्रावर, सुट्टीला आलेल्या लोकांच्या बोटीवर. तीन ते सात वर्षांची मुलं. आईबाप पोहायला, जेवायला, नाच बघायला जातात आणि मुलं आमच्या क्लबात सोडतात. रंग, चिकणमाती, गाणी, एक घसरगुंडी. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी बांधायची, तिच्यावर नंबर. आईबाप फॉर्म भरतात, मुलाला न्यायला कोण येणार. जेवढी नावं लिहिली तेवढ्यांच्याच हाती मूल द्यायचं, तेही त्यांनी घरचा ठरलेला शब्द सांगितला तर. नाव नसेल तर आईबापांच्या खोलीत फोन लावायचा आणि ते येईपर्यंत दार उघडायचं नाही. दाराशी मी आणि माझी जोडीदारीण अशा दोघी असल्याशिवाय तर नाहीच.

काल पुण्याची एक आजी आली. आतून नातू आजी आजी करतोय आणि मी दारात आडवी. फॉर्मवर नाव नाही. तिने मला नको नको ते ऐकवलं आणि शेवटी रडायला लागली. मी खोलीत फोन लावल्यावर तिचा मुलगा धावत आला, त्याने सही केली. मला वाटलं आता हा ओरडणार, पण तो थँक्यू म्हणून गेला. तरी मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. आपल्याकडे आजीला कोण अडवतं?

तुझी,
सायली

नार्वे, २७ नोव्हेंबर २०२४

सायली बाय,

पोदेराकडून पाव घेतला, मेजावर ठेवला आणि तुझं पत्र वाचत बसले. पाव मांजराने नेला. दोष तुझा.

एकतीस वर्षं मी आंगणवाडी चालवली. सही कुणाची घेतली नाही. मूल न्यायला कधी आजी यायची, कधी काका, कधी शेजारीण. एकदा तर फेरीबोटीवरचा माणूस आला होता, बापाला ताप म्हणून. मी तोंड बघायचे आणि मूल द्यायचे. एक मूल हरवलं नाही. तुझ्या साहेबांना माणसं ओळखता येत नाहीत म्हणून ते कागद भरून घेतात. म्हातारीला रडवलंस ते मला काही आवडलं नाही हां.

आता कामाचं. डिचोलीच्या गोकुळदासबाबांकडे मी तुझा विषय काढला आहे. त्यांचे खनिजाचे ट्रक होते, तुझ्या बाबाने तरुणपणी त्यांच्याकडे दोन वर्षं काम केलं होतं. त्यांची बायको सरस्वती माझी शाळेपासूनची मैत्रीण, चार वर्षांमागे गेली. थोरला सिद्धेश, त्याची बायको रेश्मा, त्यांची एक मुलगी. धाकटा स्वप्नील फोंड्याला बँकेत आहे, तोच तुझ्यासाठी. मुलगा शांत आहे. तू बोलशील तेवढं ऐकून घेईल असा.

तू डिचोलीला आलीस तर मला बसने अर्धा तास. मी उघड सांगते, यात माझा स्वार्थ आहे. तुझे काका गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलणारं मांजरच आहे, आणि तेही पाव चोरतं. तुझं ते समुद्रावर फिरणं मला कधीच रुचलेलं नाही.

सुमंगलाआते

बोटीवरून, ९ डिसेंबर २०२४

आते,

स्वप्नीलचा फोटो बाबांनी पाठवला. नाक बरं आहे. शांत आहे की फोटोपुरता शांत आहे ते बघावं लागेल. मी नाही म्हणत नाही, एवढ्यावर तू खूश हो.

तुझं आंगणवाडीचं म्हणणं मी आमच्या मुख्य बाईंना सांगितलं. त्या मणिपूरच्या, पंधरा वर्षं बोटींवर आहेत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुझ्या आतेच्या गावात मूल एकाच्या हातून सुटलं तर दुसरा धरतो. इथे तेरा मजले, हजारो माणसं, आणि कुणीच कुणाला ओळखत नाही. बोटीवर मूल हरवतं ते चोरामुळे नाही. घरचंच कुणीतरी नेतं आणि मग त्याचं लक्ष दुसरीकडे जातं. मला ते पटलं. तुला पटणार नाही, ते ठाऊक आहे.

एकच विचारते, खरं सांग. तू त्या घरात जातेस येतेस. तिथे काही दडवलेलं नाही ना? पिणं, आजार, भांडण, काहीही. असेल तरी मी लगेच नाही म्हणेन असं नाही. पण मला मागाहून कळायला नको.

सायली

नार्वे, १७ डिसेंबर २०२४

सायली बाय,

दडवण्यासारखं काही नाही. चांगलं घर आहे. गोकुळदासबाब आता पंचाहत्तरीला आले, एखादं नाव विसरतात, ते मीही विसरते. परवा मांजराला तुझ्या नावाने हाक मारली.

आता ऐक. सत्तावीस तारखेला मंडळी तुझ्याच बोटीवर येत आहेत. बाब, सिद्धेश, रेश्मा आणि पाच वर्षांची प्रिया. स्वप्नीलला रजा नाही. नाताळची सुट्टी हे निमित्त, खरं तर बाब तुला बघायला येताहेत. प्रिया तुझ्याकडे खेळायला येईलच. तिला चांगली सांभाळ, म्हणजे ती घरी जाऊन तुझंच नाव घेईल. नुकती अक्षरं काढायला लागली आहे, मोठी गोड पोर.

आणि एक. गोकुळदासबाबांच्या पुढ्यात ते फॉर्म आणि ते परवलीचे शब्द काढत बसू नकोस. ज्या घरात सून म्हणून जायचं, तिथल्या वडीलधाऱ्या माणसाला दारात उभं करून तुम्ही कोण विचारायचं नसतं. केस नीट बांध. जास्त बोलू नकोस.

सुमंगलाआते

नार्वे, ३ जानेवारी २०२५

सायली,

तुझं पत्र नाही. तुझा बाबा महादेव फोनवर काही बोलत नाही, की बोलतो आणि मला ऐकू येत नाही, कोण जाणे. काल मुद्दाम डिचोलीला गेले. गोकुळदासबाबांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, प्रिया इस्पितळात आहे, हाताला लागलंय, बोटीवर लागलं. कसं लागलं ते तिला माहीत नाही, की मला सांगायचं नाही.

तू कुठे आहेस? तुला काही झालं नाही ना? महादेवाला सांगून एक ओळ तरी पाठव.

आते

मुंबई, ८ जानेवारी २०२५

आते,

मी बोटीवर नाही. कंपनीच्या वसतिगृहात आहे, चौकशी होईपर्यंत. मला काही झालेलं नाही. तसं झालं असतं तर बरं, असं रोज वाटतं.

पहिल्या दिवशी रेश्मावहिनींनी फॉर्म भरला. न्यायला कोण येणार, तिथे दोघांचीच नावं, त्यांचं आणि सिद्धेशदादांचं. मी विचारलं, आजोबांचं नाव घालू ना? त्या म्हणाल्या, नको. नुसतं नको. कारण सांगितलं नाही आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, सासऱ्याशी पटत नसेल. मनात म्हटलं, ही अशी सून, मी तशी होणार नाही. तेव्हा मी हाच विचार केला, आते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गोकुळदासबाब आले. माझ्या जोडीदारणीने एका मुलाला रंग धुवायला आत नेलं होतं. दारात मी एकटी. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, तू पार्श्याच्या महादेवाची चेडू ना? मग आमच्या आजोबांचं नाव सांगितलं, बाबा कुठला ट्रक चालवायचे, त्याला कुठला नंबर होता तेही सांगितलं. ज्याला एवढं जुनं आठवतं त्याच्याबद्दल कसली शंका घ्यायची? मग म्हणाले, नातीला जरा आइस्क्रीम खायला नेतो, देशील ना गो? प्रिया त्यांचं बोट धरून उभीसुद्धा राहिली होती. फोन माझ्या हाताशी होता. लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण लावून विचारायचं काय, की तुमच्या वडिलांवर विश्वास ठेवू का? तेही त्यांच्यासमोर? मी ठरलेला शब्दही विचारला नाही, पट्टीवरचा नंबर लिहिला, सहीच्या जागी त्यांना सही करायला दिली. त्यांनी इतकी सुंदर सही केली.

पाच वाजता वहिनी आल्या. मी हसत सांगितलं, आजोबा घेऊन गेले. त्यांचं तोंड बघितलं आणि मी मुख्य बाईंना फोन लावला.

बाब वरच्या हॉलमध्ये तंबोला खेळणाऱ्यांत बसलेले सापडले. हातात आइस्क्रीमचे दोन रिकामे कप. प्रिया कुठे विचारलं तर म्हणाले, प्रिया घरी आहे, सरस्वतीपाशी. मग सगळ्या बोटीवर पुकारा झाला, पोहण्याचे तलाव रिकामे केले, आम्ही एकेक मजला बघत सुटलो. आजोबा गप्प झाले म्हणून पोर माझ्याकडे परत यायला निघाली होती, आते. आमचा क्लब शोधत होती. दोन मजले खाली उतरली. तिथे आगीसाठीची लोखंडी दारं असतात, ती आपोआप मिटतात. त्यातल्या एकाने तिचा उजवा हात धरला. साफसफाईच्या बाईला ती सापडली तेव्हा दाराच्या कडेला बसून होती, हात फ्रॉकमध्ये गुंडाळलेला. अंगठ्याजवळच्या दोन बोटांची वरची पेरं गेली.

मला बघून ती म्हणाली, टीचर, मला तुमचं दार मिळालं नाही.

मी पुढे लिहू शकत नाही.

सायली

नार्वे, १५ जानेवारी २०२५

सायली,

काल संक्रांत झाली. मी तिळगूळ केला नाही.

तू मला ९ डिसेंबरच्या पत्रात एक प्रश्न विचारला होतास. ते पत्र पुढ्यात घेऊन बसले आहे. मी त्याचं खोटं उत्तर दिलं.

गोकुळाष्टमीला इथे सप्तकोटेश्वराच्या देवळात डिचोलीची मंडळी आली होती. गर्दीत गोकुळदासबाब माझ्यापाशी आले आणि म्हणाले, सुमंगला, सरस्वती मागे राहिली का? तू जरा थांब हां तिच्यासाठी. चार वर्षांमागे ज्या बाईला त्यांनी स्वतः अग्नी दिला, तिच्याबद्दल. मी त्यांचा हात धरून सिद्धेशपाशी नेलं. सिद्धेश म्हणाला, गर्दीने होतं असं. रेश्माने माझ्याकडे बघितलं ते मला नीट कळलं. कुणाला सांगू नका, असं ते बघणं होतं. मी मान हलवली. मला वाटलं, मी एका घराची अब्रू राखली.

तुला लिहिलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस असंही नाही, तू तसं लिहिलंच होतंस. तरी मी भ्याले. लग्न मोडेल, तू पुन्हा बोटीवर राहशील, मी इथे एकटी मरेन. आजार दडवला आणि वर तुला सांगितलं की त्यांना दारात अडवू नको. तोंड बघून मूल द्यायचे म्हणून मिरवत होते. इथे तोंड मला चांगलं ओळखता आलं होतं, आणि तरी मी ते मूल तुझ्या हातून देववलं.

माझी दोन्ही पत्रं तुझ्यापाशी असतील. चौकशीत दाखव. मी मुंबईला येऊन सांगायलाही तयार आहे. माझ्या कानाचं यंत्र घालून येईन.

आते

पार्से, २ फेब्रुवारी २०२५

आते,

मी घरी आले आहे. नोकरी गेली. त्यांचं काही चुकलं नाही.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नुसती धुमसत होते. तुझी सगळी पत्रं फाडायला काढली आणि नाही फाडली. तू माझ्याशी खोटं बोललीस, हे मी विसरेन असं मला वाटत नाही, आणि विसरले असं म्हणून तुला बरं वाटवणारही नाही.

पण चौकशीत मी पत्रं दाखवली नाहीत. तुला वाचवायला म्हणून नाही. ती दाखवली असती तर मला म्हणावं लागलं असतं की आतेने सांगितलं म्हणून मी मूल दिलं. ते खरं नाही. पुण्याच्या त्या आजीला मी अडवलं होतं, तिने एवढं ऐकवलं तरी. तिथे मला कुणाची सून व्हायचं नव्हतं. इथे मला चांगली दिसायचं होतं. आमच्या मुख्य बाईंनी मला एकच गोष्ट शिकवली होती, आणि मी ती माझ्या सोयरिकीपुढे सोडली.

वहिनी मुंबईच्या इस्पितळात एकदाच भेटल्या. मला वाटलं मारतील. त्या म्हणाल्या, मी नाव मुद्दाम लिहिलं नव्हतं. मी विचारलं, मला कारण का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, तू आमच्या घरात यायची होतीस, तुला कसं सांगणार? बाकावरून उठताना त्या म्हणाल्या, आता प्रियाच्या समोर येऊ नकोस, ती तुला बघितलं की दार दार करते.

म्हणून मी जात नाही. लग्नाचा विषय अर्थातच संपला. आते, तू जा. तू मुलांना अक्षरं शिकवलीस, शेकड्यांनी. प्रिया उजव्या हाताची आहे. जून महिन्यात तिची शाळा.

सायली

नार्वे, २१ मार्च २०२५

सायली बाय,

तुला आधीच लिहायला हवं होतं. पण हातात काहीतरी सांगण्यासारखं येऊ दे म्हटलं.

तुझं पत्र आलं त्याच गुरुवारी मी डिचोलीला गेले. रेश्माने मला दारापुढच्या बाल्कांवात उभं ठेवलं आणि विचारलं, काय काम? मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, अष्टमीपासून. तुला काय लिहिलं तेही. ती खांबाला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, मलाही माहीत होतं, यांनाही माहीत होतं, आणि आम्ही त्यांना बोटीवर नेलं. मग आत गेली आणि माझ्यासाठी बसायला कदेल घेऊन आली.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. प्रिया डाव्या हाताने लिहिते. पहिले पंधरा दिवस पेन्सील फेकून द्यायची, मला चावलीसुद्धा. आता ग येतो, म येतो. प उलटा काढते, पण काढते. स्वतःचं नाव तिला शाळेच्या आधी लिहायचं आहे. परवा मला विचारत होती, बोटीवरच्या टीचरला पण डाव्या हाताने येतं का? मी म्हटलं, विचारून सांगते. रेश्मा तिथेच होती, तिने ऐकलं आणि नको म्हटलं नाही. तू उत्तर लिहिलंस तर मी ते वाचून दाखवीन.

म्हापशाच्या पाळणाघरात तुला जागा मिळते आहे असं महादेवाने कळवलं. जा. दारात वही ठेव. आणि मी आले आणि वहीत माझं नाव नसलं, तर मला बाहेर उभी कर. मी कितीही ऐकवलं तरी.

आता एक सांगते आणि पत्र संपवते. बाब आमच्याजवळच खुर्चीत बसलेले असतात. त्यांना बोटीवर गेलेलं काहीच आठवत नाही. पहिल्याच गुरुवारी प्रिया पाटीवर वाकली होती, त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. म्हणाले, हे काय झालं बाय? ती म्हणाली, दारात सापडली बोटं. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग चढ्या आवाजात विचारलं, एवढ्याशा पोराला एकटं कोणी सोडलं? कोण होतं हिच्याबरोबर?

रेश्मा दारात उभी होती, सिद्धेश आत होता. कुणी बोलेना. प्रिया आजोबांकडे बघत होती. तिला माहीत आहे, पण तीही बोलली नाही. पाच वर्षांची पोर. आम्ही मोठ्यांनी गप्प बसणं तिला इतक्यातच शिकवलं, असं माझ्या मनात आलं.

मी म्हटलं, मी होते, बाब. माझ्यामुळे झालं.

ते मला खूप बोलले. सरस्वतीची मैत्रीण म्हणून तुला घरात घेतलं, म्हणाले. रेश्माला बजावलं, या बाईच्या हाती पुन्हा मूल द्यायचं नाही. यंत्र कानात होतं, सगळं नीट ऐकू आलं.

पुढच्या गुरुवारी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. माझी विचारपूस केली, चहा सांगितला. मग प्रियाचा हात दिसला आणि त्यांनी पुन्हा विचारलं. दर गुरुवारी विचारतात. दर गुरुवारी मी सांगते, आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रागावतात. काल सिद्धेश म्हणाला, मावशी, कशाला, काहीतरी दुसरं सांगा ना, पडली म्हणून सांगा. मी त्याला म्हटलं, नको रे. दुसरं काही सांगून झालं आहे माझं.

सुमंगलाआते